ताटात आहे, पण अंगी लागत नाही

गेल्या भाद्रपदात वरवंडला एका शेतकऱ्याचा खोडवा ऊस पाहायला गेलो होतो. कालव्याच्या पाण्यावरचे रान, खते वेळेवर दिलेली, तरीही ऊस पिवळा पडलेला. शेंड्याची कोवळी पाने तर पांढुरकी झाली होती आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत होत्या. आपल्याकडे याला केवडा म्हणतात. मालकाला वाटले होते की युरिया कमी पडला, म्हणून त्याने आणखी एक हप्ता देऊन टाकला होता. मी म्हटले, "अण्णा, नत्राचा प्रश्नच नाही. ही लोहाची कमतरता आहे."

"लोह कमी कसं असंल, भाऊसाहेब? माती तपासली तवा त्यात लोह हाय असं लिहून आलंय की!"

"मातीत आहे, पण पिकाला लागत नाही. चुनखडीच्या रानात लोह अडकून बसते. मुळापाशी असूनही मुळाला उचलता येत नाही."

हे बोलणे चालू असताना घरातून चहा आला आणि चहामागोमाग वहिनीही आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, उसाला केवडा झाला तर तुमी औषध सांगता. आमच्या सूनबाईलाबी केवडाच झालाय म्हना की. रगात आठावर आलंय."

सूनबाई बाळंत होऊन पाच महिने झाले होते. तपासणीत रक्तातील हिमोग्लोबिन 8.4 निघाले होते. तिला पायऱ्या चढताना धाप लागे, डोके गरगरे, आणि कोणाचे लक्ष नसताना ती चुलीची माती तोंडात टाकी. घरच्यांनी काळजीपोटी उपाय केला, पण तो भलताच होता. कोणीतरी फोनवर एक चित्रफीत दाखवली होती. बाजरी, ज्वारी, गहू, डाळी, शेंगदाणे या सगळ्यांत 'फायटिक आम्ल' नावाचे विष असते, ते रक्तातले लोह खाऊन टाकते, म्हणून हे सर्व पदार्थ बंद करा, असे त्यात सांगितले होते. त्यावरून दीड महिना त्या मुलीची भाकरी बंद, उसळ बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. मग ती खात काय होती? पांढरा भात, साबुदाण्याची खिचडी आणि चहा-बिस्किटे. आरोग्य केंद्रातून मिळालेली लाल गोळी ती घेत होती, पण चहाच्या घोटाबरोबर.

मी कृषीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. पण दाणा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि फायटिक आम्ल ही मुळात दाण्याचीच गोष्ट आहे. त्या दिवशी वरवंडच्या ओसरीवर जे सांगितले, तेच आज सर्व वाचक बंधू-भगिनींसाठी सविस्तर लिहीत आहे. कारण असे सल्ले आता घरोघर पोचू लागले आहेत आणि त्यांचा पहिला फटका घरातल्या बायका-पोरांना बसतो.

दाण्याची शिदोरी

फायटिक आम्ल हे विष नाही. ती दाण्याची शिदोरी आहे. आपण पिकाला स्फुरद देतो. त्यातला काही भाग झाड आपल्या बियात साठवून ठेवते, म्हणजे पुढे बी रुजेल तेव्हा कोवळ्या रोपाला पहिले काही दिवस ते पुरावे. बियातील निम्म्याहून अधिक स्फुरद या फायटिक आम्लाच्या रूपात असते. एका कड्याला स्फुरदाच्या सहा गाठी मारलेल्या आहेत अशी कल्पना करा. या गाठींना लोह, जस्त, कॅल्शियम ही खनिजे घट्ट चिकटतात.

बी ओलावले, फुगले, मोड फुटू लागला की बियातच 'फायटेज' नावाचा पाचक रस जागा होतो आणि एकेक गाठ सोडवत जातो. गाठी सुटल्या की त्यांत अडकलेली खनिजेही मोकळी होतात.

गाई-म्हशींच्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते हे काम करतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावराला फायटिक आम्लाची अडचण होत नाही. कोंबडीच्या पोटात ही सोय नाही, म्हणून कुक्कुटपालनाच्या खाद्यात फायटेज मुद्दाम मिसळतात. ज्यांच्याकडे शेड आहे त्यांनी खाद्याच्या पोत्यावर हे नाव वाचले असेल. माणसाचे पोट याबाबतीत कोंबडीच्या बाजूचे. आपल्या आतड्यात फायटेज फारच थोडे असते.

म्हणून होते असे की भाकरीत आणि डाळीत असलेले लोह व जस्त पोटात जाते खरे, पण त्यातले बरेचसे या गाठींत अडकून तसेच बाहेर पडते. चुनखडीच्या रानातल्या उसासारखीच ही गत. ताटात आहे, पण अंगी लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. फायटिक आम्ल रक्तात शिरून तिथले लोह खात नाही. त्याच जेवणातून पोटात आलेली खनिजे ते अडवते, एवढेच. त्या जेवणात काय होते आणि ते कसे शिजवले होते, यावर सारे अवलंबून असते. अर्थात उपायही त्या जेवणातच करायचा असतो.

भाकरी काढली तर काय उरते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांतले आकडे शेतकऱ्याने जमाखर्चासारखे मांडून पाहावेत. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे अर्धा ग्रॅम फायटिक आम्ल असते. ज्वारीत व अख्ख्या गव्हात त्याहून थोडे जास्त. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात साधारण पाव ग्रॅम. एवढेच पाहिले तर तांदूळ बरा वाटेल.

आता जमेची बाजू पाहा. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत व गव्हाच्या पिठात चाराच्या आसपास. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. म्हणजे बाजरी सोडून भातावर आलो तर फायटिक आम्ल निम्मे झाले, पण लोह मात्र नवव्या-दहाव्या हिश्शावर आले. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि मैद्याच्या बिस्किटातही हाती फारसे लागत नाही. डाळी आणि शेंगदाणे सोडले की लोहाबरोबर प्रथिने आणि जस्तही गेले. चोर पकडायला निघालो आणि घरच पेटवून दिले, अशातली ही गोष्ट.

वरवंडच्या सूनबाईचे हेच झाले होते. रक्त आधीच कमी, अंगावर पिणारे मूल, आणि ताटातला लोहाचा उरलासुरला स्रोतही बंद.

आणि ही एका घरची गोष्ट नाही. 2019 ते 21 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लागोपाठची बाळंतपणे, पाळीतला जादा रक्तस्राव, जंत, अपुरे अन्न ही त्यांतली मोठी. पण जे थोडे पोटात जाते तेही अंगी लागत नसेल तर दुबळ्याला दुहेरी मार बसतो.

इराणातली रोटी

फायटिक आम्लाने खरोखर किती नुकसान होऊ शकते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. बिहारमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 साली इराणातील शिराझ येथे काम करत होते. त्यांच्याकडे एक 21 वर्षांचा तरुण आणला गेला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. मिसरूड फुटलेले नव्हते, रक्त अत्यंत कमी होते. त्या भागात अशी आणखीही मुले निघाली. त्यांचे जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी. दूध, मांस जवळजवळ नाही, आणि माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांवर अभ्यास करून 1963 साली डॉ. प्रसाद यांनी दाखवून दिले की या मुलांच्या अंगी जस्ताची कमतरता आहे. जस्त दिल्यावर खुंटलेली मुले वाढीला लागली. माणसाच्या वाढीला जस्त लागते हे तेव्हापासून जगाने मानले. उसाला, मक्याला आपण झिंक सल्फेट देतो, पण पोराबाळांनाही जस्त लागते हे कळायला इतका काळ जावा लागला.

या गोष्टीतून काय घ्यायचे? रोटी वाईट, असे नव्हे. एकाच धान्याची न आंबवलेली रोटी, सोबतीला दुसरे काहीच नाही, आणि हे वर्षानुवर्षे, तेव्हा हा प्रसंग आला. नुसती भाकरी आणि चहा यांवर दिवस काढणारे मूल आपल्याही गावात असू शकते. त्याची भाकरी काढायची नसते, तर भाकरीबरोबर उसळ, भाजी, लिंबू, ताक कसे येईल हे पाहायचे असते.

आपल्या मातीतला पुरावा

बाजरीत फायटिक आम्ल असूनही बाजरीतले लोह मुलांच्या अंगी लागते काय? याचे उत्तर आपल्याच मुलखात शोधले गेले आहे. बेळगाव भागातील सुमारे दोन वर्षांच्या मुलांना जादा लोह-जस्त असलेली बाजरी खाऊ घालून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या अंगी रोजच्या गरजेपेक्षा अधिक लोह व जस्त लागल्याचे त्यात दिसले. दुसरा अभ्यास महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांत झाला. 12 ते 16 वर्षांच्या 246 मुला-मुलींपैकी काहींना सहा महिने जादा लोहाच्या बाजरीची भाकरी दोन्ही वेळेला दिली आणि काहींना साध्या बाजरीची. 2015 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या अंगात आधी लोह कमी होते, त्यांची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण जादा लोहाच्या बाजरीने दीडपटीहून अधिक झाले.

या भाकरीतही फायटिक आम्ल होतेच. तरीही लोह मुलांच्या अंगी लागले. भाकरी ही वैरीण नाही, याला आणखी कोणता दाखला हवा?

ही बाजरी म्हणजे 'धनशक्ती'. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ती तयार केली आणि 2012 साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली. किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त. बाजरीच्या प्रचलित वाणांत लोह साधारण 45 ते 50 असते. धनशक्ती संकरित नसून सुधारित वाण आहे, त्यामुळे शेजारच्या बाजरीपासून अंतर राखून घरचे बी धरता येते. पुढे 2018 साली आलेल्या 'फुले महाशक्ती' या संकरित वाणात लोह सुमारे 87 आणि 'एएचबी 1269' मध्ये सुमारे 91 मिलिग्रॅम आहे. त्याच वर्षी देशात बाजरीचा नवा वाण प्रसारित करायचा तर त्यात किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असले पाहिजे, असा दंडक घातला गेला.

दौंड-शिरूरकडे पाणी आले तशी बाजरीची राने उसाखाली गेली. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पैसा उसातच दिसतो. पण घरच्या भाकरीपुरती दहा-वीस गुंठे बाजरी खरिपात टाकायला काय हरकत आहे? ती टाकताना वाण विचारून टाका, एवढेच माझे सांगणे.

गाठ सोडवायच्या युक्त्या

आपल्या आजी-पणजीला फायटिक आम्ल हे नाव ठाऊक नव्हते. पण त्या गाठी सोडवण्याच्या सगळ्या रीती तिच्या हातात होत्या. गडबडीच्या संसारात त्यांतल्या बऱ्याच सुटत चालल्या आहेत. त्या पुन्हा धरायच्या आहेत.

पहिली रीत भिजवण्याची. मटकी, हरभरा, चवळी, मूग आठ ते बारा तास भिजवावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. फायटिक आम्लाचा काही भाग पाण्याबरोबर जातो. शिवाय डाळी-कडधान्यांनी पोट फुगते त्याला कारण असणारी साखरही त्या पाण्यात उतरते. नुसते उकळल्याने किंवा भाजल्याने फायटिक आम्ल फारसे कमी होत नाही, म्हणून भिजवण्याला पर्याय नाही.

दुसरी रीत मोडाची. भिजलेले कडधान्य निथळून ओल्या फडक्यात बांधावे आणि एक दिवस उबेला ठेवावे. मोड आले म्हणजे फायटेज कामाला लागले असे समजा. मोडाबरोबर क जीवनसत्त्वही तयार होते. लहान मुले आणि गरोदर बायका यांना मोड कच्चे न देता उसळ शिजवूनच द्यावी. नाचणीला किंवा बाजरीला मोड आणून, कडक उन्हात वाळवून, भाजून केलेले सत्त्व सहा महिन्यांपुढच्या बाळाला उत्तम. फडक्यात बुरशी दिसली तर ते धान्य सरळ टाकून द्यावे.

मात्र ज्वारीला मोड आणून खाऊ नका. कोवळे कडवळ खाऊन जनावर दगावते हे आपण जाणतो. तोच विषारी अंश ज्वारीच्या कोवळ्या कोंबातही तयार होतो. ज्वारीसाठी पुढची रीत धरावी.

तिसरी रीत आंबवण्याची. बाजरीचे, ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवावे आणि सकाळी पाण्यात शिजवून, लसूण-जिरे-मीठ घालून आंबील करावी. उन्हाळ्यात चार-सहा तासही पुरतात. आंबटपणा आला की फायटेजला जोर चढतो. धपाटे, घावन, थालीपीठ यांचे पीठही ताकात भिजवून ठेवता येते. इडली, आंबोळी, ढोकळा हे पदार्थ याच रीतीचे. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून तीन-चार वेळा तरी आंबील घरात व्हावी. पूर्वी ती गरिबाची न्याहारी म्हणून नाक मुरडले गेले, पण तिचे गुण पाहता श्रीमंतानेही ती मागून प्यावी.

चौथी रीत आंबट फोडीची, आणि ती सर्वांत सोपी. क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर फायटिक आम्ल असूनही लोह अंगी लागण्याचे प्रमाण दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही वाढते. बांधावर लिंबाचे झाड असते, पण लिंबू फक्त पाहुणा आला की कापले जाते. रोजच्या उसळीवर, डाळीवर लिंबू पिळा. पण भांडे चुलीवरून उतरल्यावर पिळा, कारण आचेने क जीवनसत्त्व नाहीसे होते. पेरूत आणि आवळ्यात ते लिंबाच्या कित्येक पट असते. जेवणानंतर पेरूची फोड, कच्चा टोमॅटो, कोथिंबिरीची चटणी, यांतले काही ना काही ताटात हवेच. मांसाहार करणाऱ्या घरात थोडे मटण किंवा मासे जेवणात असले तरी भाकरी-डाळीतले लोह अधिक अंगी लागते. मात्र तो रस्सा आणि फोडी घरातल्या बाईच्या ताटातही पडल्या पाहिजेत. सर्वांना वाढून उरलेला तळ तिच्या वाट्याला, असे होऊ नये.

पाचवी गोष्ट चहाची. चहातला तुरट अंश लोह अडवण्यात फायटिक आम्लाचा सख्खा भाऊ आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातले लोह अंगी लागणे निम्म्याहून अधिक घटू शकते. चहा सोडा असे मी म्हणत नाही, कारण मलाही तो सुटलेला नाही. जेवणाआधी आणि नंतर एक तास तो नको, एवढे पाळावे. सकाळी चहा-भाकरी खाऊन शाळेत जाणाऱ्या पोराला त्याऐवजी ताक-भाकरी किंवा आंबील द्यावी.

सहावी गोष्ट लोखंडी तव्याची आणि कढईची. टोमॅटोची भाजी, आंबटचुका, पिठले लोखंडी कढईत शिजवले की थोडे लोह अन्नात उतरते. शिजल्यावर पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

आणि पीठ चाळून कोंडा फेकू नका. कोंड्यात फायटिक आम्ल आहे तसे लोह-जस्तही आहे. कोंडा गेला की दोन्ही गेली.

एखादे अन्न खरेच सोसत नसेल तर

काही माणसांना काही अन्न खरोखर सोसत नाही, हे मी नाकारत नाही. पण त्याचे कारण फायटिक आम्ल नसते. फायटिक आम्लाने अंगावर पित्त उठत नाही आणि पोटात कळही येत नाही. डाळीने वायू होतो तो वर सांगितलेल्या साखरेमुळे. दूध प्यायल्यावर पोट बिघडते ते दुधातली साखर न पचल्यामुळे. गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे आतडे बिघडण्याचा 'सिलिॲक' नावाचा एक रोग आहे. त्यात जुलाब, वजन घटणे, मुलाची वाढ खुंटणे आणि औषधाने न हटणारा रक्तक्षय दिसतो. त्यासाठी रक्ताची तपासणी असते. मात्र ती होण्याआधी गहू बंद केला तर तपासणी फसते. म्हणून आधी डॉक्टर, मग पथ्य. गव्हाचे पथ्य ठरलेच तर बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदूळ चालतात. फक्त गावच्या गिरणीत त्याच जात्यावर गहूही दळला जातो, तेव्हा अशा रुग्णाचे दळण घरी दळावे किंवा जिथे गहू दळत नाहीत अशा जात्यावर दळून आणावे.

एखादा पदार्थ वगळून पाहण्याची योग्य रीत अशी. दोन आठवडे काय खाल्ले आणि काय झाले हे वहीत लिहावे. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने संशय असलेला एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करावा आणि त्याच्या तोडीचा दुसरा ताटात आणावा. बरे वाटले तर तोच पदार्थ थोडा थोडा परत घेऊन पाहावा. पुन्हा त्रास झाला तर खूण पटली. त्रास नाही झाला तर तो पदार्थ निर्दोष, त्याला ताटात परत जागा द्यावी. आपण खताची चाचणी अशीच घेतो. एका वाफ्याला द्यायचे, शेजारच्या वाफ्याला नाही, आणि फरक पाहायचा. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

गरोदर बाई, बाळंतीण, लहान मूल आणि मधुमेहाची गोळी घेणारा माणूस यांनी मनाने कोणतेही अन्न बंद करू नये. आणि शेंगदाणा किंवा दुसरे काही खाऊन ओठ-तोंड सुजले, श्वास अडकला, तर घरी पुन्हा परीक्षा घेत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

गोळीला पर्याय नाही

रक्त आठावर आले असेल तर नुसत्या लिंबाने आणि आंबिलीने ते भरून येत नाही. लोहाची गोळी घ्यावीच लागते. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी लाल आणि शाळेतल्या किशोरवयीन मुला-मुलींसाठी निळी गोळी सरकारी आरोग्य केंद्रात व शाळेत मोफत मिळते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याला भ्यायचे कारण नाही. मळमळ वाटली तर गोळी सोडून न देता आरोग्यसेविकेला विचारून वेळ बदलावी. माती, खडू, राख खावीशी वाटणे हे रक्त कमी असल्याचे लक्षण असते. त्या बाईला हसू नका, तिचे रक्त तपासून घ्या. आणि ही पाकिटे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी वर ठेवा. गोळी गोड समजून मुलाने भरपूर खाल्ली तर जिवावर बेतते.

वरवंडच्या त्या घरी मी एवढेच सांगून उठलो की उद्या सूनबाईला आरोग्य केंद्रात न्या, भाकरी आजच सुरू करा. वहिनींनी लगेच विचारले, "आन् ते विष?" मी म्हटले, "वहिनी, केवडा झाला म्हणून अण्णांनी रानातली माती उपसून टाकली का? हिराकस शेणखतात मुरवून दिले की अडकलेल्या लोहाचा प्रश्न सुटतो. तुम्हीही तसेच करा. गोळी चालू ठेवा, मटकी भिजत घाला आणि चहाची वेळ बदला."

माघात पुन्हा त्या वाटेने गेलो. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले होते, गोळ्या नियमित चालू होत्या आणि रक्त 10.9 वर आले होते. यात मोठा वाटा गोळीचा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण आता ती गोळी लिंबूपाण्याबरोबर पोटात जात होती आणि ताटात भाकरी परत आली होती. माती खाण्याची सवय आपोआप सुटली, असे वहिनी हळूच म्हणाल्या. ओसरीच्या कोपऱ्यात मटकीचे गाठोडे टांगलेले दिसले.

जेवायला बसवले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा आणि लिंबाची फोड. सूनबाई सर्वांबरोबर पंक्तीला बसली होती. चहा मात्र कोणी विचारला नाही. मी हसून म्हटले, "वहिनी, आज चहा नाही?" तशा त्या म्हणाल्या, "तासाभरानं देते, भाऊसाहेब. तवर ऊस बघून या. तोबी हिरवा झालाय."